हरेल तो राहील

३ सप्टेंबर

कॅन्टीनच्या जुन्या हॉलची किल्ली मिळाली. साहेबांनी ती माझ्याकडे सरकवली आणि म्हणाले, "नवीन यंत्र येईपर्यंत. आलं की हॉल रिकामा." यंत्र कधी येणार हे त्यांनाही ठाऊक नाही. बाटल्यांच्या कारखान्यात जागा मोकळी राहत नाही. राहिली तर कोणीतरी तिथे खोकी रचतं.

टेबलावर खोकीच होती. ती उतरवली, टेबल ओल्या फडक्याने पुसलं. खालचा हिरवा रंग अजून शाबूत आहे. एक पाय आखूड झालाय, त्याखाली पुठ्ठ्याची घडी घातली. माझी बायको, मुंगीची आई, गेल्यापासून या टेबलावर कोणी खेळलेलं नाही. टेबल टेनिस तिचं. मी भांडार सांभाळणारा माणूस. बाकावर बसून तिचा खेळ बघितला, तेवढंच माझं शिक्षण.

फळ्यावर लिहिलं: वसाहतीतल्या कुठल्याही मुलाने यावं. बॅट नसली तरी यावं. खेळता येत नसलं तरी यावं.

घरी मुंगीला सांगितलं. ती भाजी निवडत होती.

"कुठल्याही मुलाने?"

"कुठल्याही."

"बरं," म्हणाली.

बारा वर्षांची आहे. आईसारखी डावखुरी. आनंद झाला तरी दाखवत नाही, हे मात्र माझ्यावर गेलं आहे.

९ सप्टेंबर

पहिल्या दिवशी चपला ठेवायला जागा पुरेना. आता पुरते. का पुरते ते आज कळलं.

टेबल टेनिसच्या कुठल्याही हॉलमध्ये एक कायदा असतो. जिंकेल तो टेबलावर राहील. हरेल तो उठेल आणि रांगेच्या शेवटी जाऊन बसेल. मुलांना तो कोणी शिकवावा लागला नाही, त्यांनी आल्या आल्या लावला. परिणाम असा की संध्याकाळभर मुंगी टेबलावर आणि बाकीचे भिंतीला टेकून. वसाहतीतला ढब्बू वाट बघतो, उठतो, चार चेंडू जाळीत मारतो आणि परत बसतो. बोळकं सगळ्यात लहान, पुढचे दात पडलेलं. त्याने अजून बॅट हातात धरलेली नाही.

ढब्बूला रस्त्यात गाठलं.

"काल आला नाहीस?"

"भिंतीला टेकायला कशाला येऊ, काका? भिंत आमच्या घरी पण आहे."

"सरावाने येईल खेळता."

"सराव कधी करू? उठायच्या आधी, की बसल्यावर?"

तो गेला. मी तिथेच उभा राहून विचार करत होतो की हे इतकी वर्षं कोणाच्याच कसं लक्षात आलं नाही.

१२ सप्टेंबर

कायदा उलटा केला. हरेल तो राहील. जिंकेल तो उठेल.

"म्हणजे हरण्याचं बक्षीस?" चष्मिषने विचारलं. ही नववीतली मुलगी, वकिलासारखी बोलते.

"बक्षीस नाही. ज्याला येत नाही त्याला जास्त खेळायला मिळायला हवं. दवाखान्यात खाट आजारी माणसाला देतात."

"मग मला आयसीयूत टाका, काका," ढब्बू म्हणाला.

सगळे हसले. मुंगी हसली नाही.

"मग मी?"

"तू जिंकलीस की उठायचं."

"आणि तुम्ही कुठे उभे राहणार?"

"जो राहील त्याच्या मागे. त्याला शिकवायला नको?"

तिने मान हलवली. समजूतदार आहे. तिला एकदाच सांगावं लागतं.

२३ सप्टेंबर

चपला पुन्हा पुरत नाहीत. शेजारच्या गल्लीतली मुलंही यायला लागली. एक पाय ओढत चालणारी एक मुलगी येते. आधी दारातून बघायची. तिला काल टेबलाशी उभं केलं. ती हरली, राहिली, परत हरली, परत राहिली. तासाभराने तिने एक चेंडू असा परतवला की सगळे गप्प झाले. तिच्या मागे उभा होतो, माझ्याच अंगावर काटा आला.

माझं काम सोपं आहे. हरणाऱ्याच्या मागे उभं राहायचं. कोपर धरून खाली करायचं. मनगट सैल सोडायला सांगायचं. मुंगीची आई असंच करायची. तिचा हात हलका होता. माझा जड आहे, पण मुलांची तक्रार नाही.

"काका, मी हरतोय का राहतोय?" ढब्बू विचारतो.

"दोन्ही."

"घरी काय सांगू?"

"राहिलो म्हणून सांग."

मुंगी येते, पटकन जिंकते, उठते, रांगेच्या शेवटी जाते. तिची पाळी पुन्हा यायला वेळ लागतो. पुस्तक घेऊन बसते. एकदाही कुरकुर केली नाही. मला तिचा अभिमान वाटतो. तसं तिला म्हणायला हवं होतं, घरी जाताना. पण रस्त्यात ढब्बू सोबत होता आणि बोलणं दुसरीकडे गेलं.

घरी आमचं फारसं बोलणं होत नाही. बोलायचं काम तिच्या आईचं होतं. आम्ही दोघं ऐकणारे. आता ऐकणारेच उरलो आहोत.

८ ऑक्टोबर

निवासी क्रीडाशाळेच्या प्रशिक्षक बाई आल्या होत्या. मुंगीच्या आईबरोबर लहानपणी खेळलेल्या. इथे सगळ्या मुलांना खेळायला मिळतं असं कोणाकडून तरी ऐकून बघायला आल्या. माझा कायदा ऐकून भुवया वर केल्या.

मुंगीचे चार चेंडू बघितले आणि म्हणाल्या, "डिसेंबरात निवड चाचणी आहे. घेऊन या हिला. हात तिच्या आईचा आहे."

मुंगीच्या आईची हीच इच्छा होती. ती स्वतः त्या शाळेत राहून शिकलेली. शेवटच्या आजारपणात एकदाच बोलली होती: मुंगीला तिथे पाठवा, इथे अडकवू नका. मी हो म्हटलं होतं. तेवढी एक गोष्ट माझ्याकडून व्हायला हवी. बाकी तिच्यासाठी काही करता आलं नाही.

रात्रीच्या जेवणाला मुंगीला सांगितलं.

"तिथे राहायचं?"

"हो. सुट्टीत यायचं."

"आणि तुम्ही?"

"मी कुठे जातोय? कारखाना आहे, हॉल आहे. मुलं आहेत."

"हो, मुलं आहेत," ती म्हणाली. मग ताटं उचलली.

वाटलं होतं जरा तरी हरखेल.

१९ ऑक्टोबर

आज मुंगी चष्मिषकडून हरली. पहिल्यांदाच.

सगळे ओरडले. चष्मिष स्वतःच गोंधळली, जिंकल्यावर उठायचं हे विसरली, तिला उठवावं लागलं. मुंगी टेबलावर राहिली. मी तिच्या मागे जाऊन उभा राहिलो. किती दिवसांनी. तिच्या वेणीचा एक पेड जाड, एक बारीक होता.

"वेणी कोण घालतं तुझी?"

"मीच."

"कधीपासून?"

तिने सर्व्हिस केली. कोपर किंचित वर जात होतं. धरून खाली केलं. पुढचा गेमही हरली, त्याच्या पुढचाही. प्रत्येक वेळी मागे वळून माझ्याकडे बघायची. मी सांगायचो, कोपर. ती मान हलवायची.

मला वाईट वाटायला हवं होतं. खरं सांगायचं तर बरं वाटलं. वाटलं, मुलं सुधारली. कायदा कामाला लागला.

२ नोव्हेंबर

ती रोज हरते आहे. कायदा कामाला लागला वगैरे लिहिलं होतं ते मागे घेतो. चष्मिषकडून हरणं एक वेळ समजतं. ती ढब्बूकडून हरते. पाय ओढणाऱ्या मुलीकडून हरते. आज बोळक्याकडून हरली. बोळक्याची हनुवटी टेबलाच्या वर जेमतेम येते.

आणि बोळकं जिंकून रडायला लागलं.

"अरे, जिंकलास की!"

"मला नाही जिंकायचं. ताई मला राहूच देत नाही."

"म्हणजे?"

"मी जाळीत मारतो तर ती पण जाळीत मारते. तिनं जास्त मारले."

त्याला उचलून घेतलं, नाक पुसलं. लहान मुलांना हारजीत नीट कळत नाही. मुंगी टेबलाच्या त्या टोकाला उभी होती, माझी वाट बघत. तिच्या मागे जाऊन उभा राहिलो. चाचणी पुढच्या महिन्यात आहे आणि ती बोळक्याकडून हरते.

७ नोव्हेंबर

डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. डोळे उत्तम. म्हणाले, "मुलगी नीट झोपते का?" मला सांगता आलं नाही. ती तिच्या खोलीत असते.

घरी मेहुणी आली होती, मुंगीची मावशी. परिचारिका आहे. डब्यांची झाकणं उघडून आत काय आहे ते बघायची तिची सवय.

"भावोजी, पोरगी वाळलीय."

"खेळते ना रोज. उलट हल्ली जास्तच खेळते."

"तिच्याशी बोलता का?"

"रोज बोलतो. हॉलमध्ये."

"काय बोलता?"

"कोपर."

"कोपर?"

"कोपर वर जातं तिचं."

"आणखी?"

विचार करून म्हटलं, "मनगट."

ती हसायला लागली. मग हसणं थांबवून गॅसकडे तोंड करून उभी राहिली आणि उगाचच दूध ढवळत बसली. बहिणीची आठवण आली असेल. जाताना मुंगीची वेणी घालून दिली. मुंगी डोळे मिटून बसली होती.

१८ नोव्हेंबर

आज एक प्रकार उघडकीला आला. ढब्बू आणि चष्मिष खेळत होते आणि दोघांचेही चेंडू जाळीत. एकामागून एक. मला वाटलं जाळी चढली. पट्टी आणून मोजली. बरोबर होती. चेंडू बदलला, टेबलाखालचा पुठ्ठा बदलला.

"जाळी बरोबर आहे, काका," ढब्बू म्हणाला. "आम्हीच बरोबर नाही."

सगळे फिदीफिदी हसले. तेव्हा कळलं. ही कार्टी मुद्दाम हरताहेत. टेबल सोडायला नको म्हणून.

रागावलो. मग हसू आलं. टेबलावर राहण्यासाठी मुलं इतकी धडपडतात, यात वाईट काय आहे? चष्मिष म्हणाली, "कायद्यात पळवाट ठेवली की अशील जाणारच." ठरवलं की मुद्दाम हरणाऱ्याला उठवायचं. पण मुद्दाम कोण आणि मनापासून कोण, हे ओळखणं अवघड आहे. ढब्बूलाही नक्की सांगता येत नाही.

घरी जाताना मुंगीला विचारलं, "तू मुद्दाम हरतेस का?"

ती पायाखाली बघत चालत होती.

"नाही."

मला माहीतच होतं. तिच्या आईने कधी एक गुण फुकट दिला नाही. मुंगी तसं करणार नाही.

२५ नोव्हेंबर

सकाळी कामाच्या आधी मुंगीला एकटीला सराव द्यायला लागलो. मला परतवता येत नाही, म्हणून टेबलाच्या समोरच्या बाजूला उभा राहून हाताने चेंडू टाकतो. एकही चुकत नाही. उजवा कोपरा सांगितला तर उजवा, डावा तर डावा. तिच्या आईचा खेळ जसाच्या तसा.

खेळता खेळता बोलतेही. आज शाळेतल्या कुठल्या तरी बाईंची नक्कल करून दाखवली. चेंडू टाकायचा विसरलो इतका हसलो. मग म्हटलं, बोलण्यात लक्ष जातं, आधी खेळ. ती गप्प झाली आणि खेळली.

संध्याकाळी पुन्हा तेच. हरली, राहिली, हरली.

सकाळी मी समोर असतो. संध्याकाळी मागे. हे नुसतं नोंदवून ठेवतो.

१० डिसेंबर

चाचणी झाली.

मोठं सभागृह, ओळीने टेबलं, पांढरे दिवे. पालकांना कठड्याच्या मागे उभं राहायचं होतं. मी मुंगीच्या बाजूच्या कठड्याशी उभा राहिलो, हात लांबवला असता तर तिच्या पाठीला लागला असता.

पहिली मुलगी अगदी साधी होती. मुंगीने सुरुवातीला तिला धुतलं. मग मागे वळून माझ्याकडे पाहिलं आणि तिथून पुढे सगळं ढासळलं. सामना संपला. समोरची मुलगी हस्तांदोलन करून गेली. पंच म्हणाले, "झालं, बाळ." मुंगी टेबलापाशीच उभी. पुन्हा माझ्याकडे वळून पाहिलं. मला वाटलं रडेल. चेहरा अगदी निवांत होता. घरी पोचलेल्या माणसाचा असतो तसा. मी खुणेने बाहेर यायला सांगितलं तेव्हा तो निवांतपणा गेला.

दुसरा सामना, तिसरा सामना, तसेच.

प्रशिक्षक बाईंनी मला बाजूला घेतलं.

"हात आहे. त्यात शंका नाही. पण तुम्ही पाठीशी उभे असलात की ती खेळत नाही, तुमच्याकडे बघते. अशी मुलं मी खूप पाहिलीत. आईबाप मागे उभे राहिले की आक्रसतात."

"मी काहीच बोलत नव्हतो."

"बोलायची गरज नसते. जानेवारीत दुसरी चाचणी आहे. तोवर लांब राहा. तिच्या भल्यासाठी सांगते."

परतीच्या बसमध्ये मुंगी माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपली. हरून आलेली मुलगी, आणि किती गाढ झोपली. मी मात्र जागा होतो आणि एकेक गोष्ट जुळत गेली. समोर असलो की खेळते. मागे असलो की हरते. माझ्या डोळ्यांसमोर होतं आणि मी रोज तिच्या मागे जाऊन उभा राहत होतो.

१२ डिसेंबर

मुंगीला सांगितलं.

"आता तू हॉलमध्ये असताना मी येणार नाही. सकाळचा सरावही बंद. चष्मिष तुझ्याशी खेळेल. दुसऱ्या चाचणीला मावशी नेईल."

"का?"

"मी मागे असलो की तू हरतेस."

ती टेबलावरच्या मिठाच्या डबीचं झाकण लावत होती, काढत होती.

"मी नाही हरणार आता."

"तो प्रश्न नाही."

"खरंच नाही हरणार, बाबा. तुम्ही असलात तरी. मला येतं."

"हरणं-जिंकणं असं ठरवून होत नसतं, मुंगी."

तिने झाकण घट्ट लावलं.

"बरं," म्हणाली.

मुलं अशी असतात. त्यांना वाटतं, म्हटलं की झालं. मला वाईट वाटत होतं, पण आवाज सरळ ठेवला. एकदा निर्णय घेतल्यावर डळमळणं बरं नाही. तिची आई असती तर तिनेही हेच केलं असतं. असं वाटतं.

२० डिसेंबर

संध्याकाळी मुंगी हॉलमध्ये असते तेव्हा मी भांडारात बसतो. मध्ये एक भिंत आहे. चेंडूचा आवाज येतो. कोणाचा चेंडू ते कळत नाही.

ढब्बू निरोप आणतो.

"काका, ताईने सगळ्यांना झोपवलं."

"खरंच?"

"चटचट मारते. बोलत पण नाही. मी म्हटलं, ताई, एखादा तरी गुण दे, गरिबाला. तर म्हणाली, घे की, कोणी अडवलंय?"

"मग?"

"मग काय, घेता आला तर ना."

"जिंकल्यावर काय करते?"

"उठते. कोपऱ्यात बसते."

"पुस्तक वाचते?"

ढब्बूने आठवून बघितलं. "नाही. पुस्तक नाही आणत हल्ली."

माझा अंदाज बरोबर निघाला. इतक्या लवकर फरक पडेल असं वाटलं नव्हतं. आनंद वाटायला हवा. वाटतोच आहे. पण तिच्या खेळावर माझ्या नुसत्या असण्याचं इतकं ओझं होतं, हे पचायला वेळ लागेल. एक वर्ष घरात मी आणि ती दोघंच आहोत. तिथेही तिला तसंच होत असेल का? हल्ली ती जेवली की लगेच उठते. मीही काही विचारत नाही. मोकळीक द्यायची ठरवली आहे.

६ जानेवारी

हॉलमध्ये मुलं वाढतच आहेत. साहेब बघून गेले. म्हणाले, "तुम्ही तर जत्रा भरवलीत." यंत्राचं काही बोलले नाहीत. पाय ओढणारी मुलगी आता दुसऱ्या लहानांना शिकवते. तिच्या आईने मला रस्त्यात थांबवलं. काय बोलावं तिला सुचेना, मलाही सुचेना. दोघं उभे राहिलो आणि मग आपापल्या वाटेने गेलो.

१७ जानेवारी

दुसरी चाचणी. मी गेलो नाही. भांडारात झाकणांचा साठा मोजायला घेतला, दोनदा चुकला, सोडून दिला.

संध्याकाळी मेहुणी मुंगीला घेऊन आली. मुंगी सरळ आंघोळीला गेली.

"जिंकली," मेहुणी म्हणाली. "सगळेच्या सगळे सामने. निवड झाली. पुढच्या महिन्यात पाठवा म्हणाल्या."

मी तिच्यासाठी चहा ठेवायला उठलो.

"तुम्ही यायला हवं होतं, भावोजी."

"मी असतो तर हरली असती."

ती माझ्याकडे बघत राहिली. "पहिल्या सामन्याच्या आधी ती दाराकडे बघत होती. पंचांनी दोनदा हाक मारली. नंतर एकदाही नाही बघितलं. कुणाकडेच नाही."

"चांगलं आहे की. खेळाडूने इकडेतिकडे बघू नये."

"तुम्हाला काय सांगायचं," ती म्हणाली आणि पिशवी उचलली. दारात थांबून म्हणाली, "तिला एकदा विचारा तरी, जायचंय का."

मुंगी बाहेर आल्यावर विचारलं. "जायचंय ना?"

"हो," म्हणाली. ओले केस पुसत होती. टॉवेलमुळे चेहरा दिसला नाही. पण आवाज स्वच्छ होता.

२ फेब्रुवारी

तिच्यासाठी नवीन बूट, दोन चादरी, पत्र्याची पेटी, कुलूप. पेटीवर काय लिहायचं असं दुकानदाराने विचारलं. मी नाव सांगत होतो, तर ती म्हणाली, "मी लिहीन." घरी येऊन ब्रशने स्वतः लिहिलं. अक्षर आईचं आहे.

मी पेटी उचलायला गेलो तर म्हणाली, "राहू द्या, मला येते उचलता." उचललीही.

९ फेब्रुवारी

उद्या सकाळी ती जाणार.

दुपारी म्हणाली, "बाबा, हॉलमध्ये येता का? एक गेम खेळू."

"मी लांब राहायचं ठरलंय."

"मागे नका उभे राहू. समोर राहा."

गेलो. मुलं आधीच जमली होती, तिला निरोप द्यायला. सगळे भिंतीला टेकून बसले. मी ढब्बूची बॅट घेतली. आयुष्यात कधी नीट खेळलेलो नाही. मुलांना मजा वाटत होती. "काका, कोपर," कोणीतरी ओरडलं.

मला वाटलं होतं, बापाला एखादा गुण सोडेल. मुलं सोडतात. तिने एकही सोडला नाही. चेंडू यायचा आणि गेलेला असायचा. मी वाकून उचलायचो, तिच्याकडे द्यायचो, ती हातात घेऊन तशीच पुढची सर्व्हिस करायची. तिचं कोपर आता अगदी जागेवर आहे. सांगण्यासारखं काही उरलेलं नाही. तसं म्हणालोही, "आता तुला सांगायला काही उरलं नाही." शेवटचा चेंडू माझ्या अंगाजवळून गेला आणि मागच्या दारापर्यंत घरंगळला.

तिने बॅट पिशवीत घातली आणि टेबलापासून दूर झाली. मी तिच्याबरोबर निघणार होतो.

"काका, तुम्ही हरलात," ढब्बू म्हणाला. "राहायचं."

सगळे ओरडायला लागले. राहायचं, राहायचं. बरोबर होतं. कायदा मीच केलेला. मुलांसमोर तो मोडणं बरं दिसलं नसतं. मी राहिलो.

बोळकं आलं. त्याच्याकडून हरलो. चष्मिष आली, तिच्याकडूनही. पाय ओढणाऱ्या मुलीने मला दोन गुण दिले आणि तरी जिंकली. मुलं हसून हसून आडवी होत होती. मीही हसत होतो. खूप दिवसांनी हसलो. मध्येच एक सर्व्हिस बरी जमली. वाटलं, मुंगीने बघितली असेल. ती तिथे नव्हती.

"ताई दारात थांबली होती ना," बोळकं म्हणालं. "तुमच्या प्रत्येक गेमला तिला वाटायचं, आता संपेल. मग ती गेली."

तिने मला हाक मारायला हवी होती. मी ऐकली असती.

अंधार पडायला लागल्यावर मुलांनी मला सोडलं. घरी आलो तर माझं ताट वाढून झाकून ठेवलेलं. ती जेवून झोपली होती. खोलीचं दार लोटलेलं होतं, आत गेलो नाही. लवकर उठायचं आहे, झोप पुरी व्हायला हवी.

तिचा खेळ पक्का झालाय. तिच्या आईला जे हवं होतं ते झालं. हॉल भरलेला असतो. ज्याला येत नाही त्याला संध्याकाळभर टेबल मिळतं, आज मलाही मिळालं. सकाळी बसपर्यंत पेटी मी उचलेन, तिला येत असली तरी.